पुरात बुडालेली गेम

नाही नाही, ठेवून नाही जात मी — बसते इथंच, या बाकड्यावर. तुम्ही तुमचं काम करा, भाऊ, मी मधेमधे बोलणार नाही. टीव्ही शेजारचा मागून आणेन, ही गेम तेवढी चालू करा. मुलगी रडू राहिली घरी, दुसरं काय. चंचल नाव तिचं. पोरांचं तुम्हाला माहीतच आहे, एकदा हट्ट धरला की — उघडली का? बघू. अगं बाई, हे आत हिरवं काय चढलंय? तांब्याच्या भांड्यावर चढतं तसंच. मी तर उन्हात ठेवली होती, फडक्यानं पुसली होती, वरून कोरडीठाक दिसते. आत पाणी राहिलं म्हणता? राहणारच. रेल आली, पूर आला तेव्हा आमच्या कोसाडच्या खोलीत तापीचं पाणी छातीपर्यंत, नुसता चिखल. सगळे गच्चीवर. चौघांनी खाटेसकट उचलून वर नेलं — त्यांना हो, चंचलच्या पप्पांना. गेमचं कोणाला सुचतंय तेव्हा.

उचललं म्हणजे — चालता येत नाही ना त्यांना. साच्यावर उभे होते, लूमच्या खात्यात कापड विणत, आणि उभ्याउभ्या खाली बसले. उजवं अंग गेलं. वाचाबी गेली. दवाखान्यातली बाई म्हणाली, बोटांना काम द्या. मी रबरी चेंडू दिला, तो फेकून दिला. पीठ मळायला दिलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी परात उचलून घेतली. पण चंचल खेळायला बसली की टक लावून बघायचे. एक दिवस तिनं तो बटणांचा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. मंग रोजच. उजवा अंगठा मी उचलून बटणावर ठेवायची, तो नुसता पडून. संक्रांत झाली असेल — मी मेथी निवडत होते आणि पाठीमागून आवाज आला, ‘उडाला.’ कोण बोललं? चंचल शाळेत. हेच बोलले, भाऊ. टीव्हीतला तो माणूस खड्ड्यावरून उडाला, तर हे म्हणाले, उडाला. अंगठा हलत होता. मी मेथी तशीच धरून बसले.

काय? पोरीसाठी म्हणाले होते मी? हो, म्हणाले. चंचल नाही घरी. रेल उतरली तशी मामाकडे पाठवली, अमळनेरला — एवढी घाण, ताप, कुठं ठेवू तिला. लाज वाटली सांगायला. एवढा बाप्या माणूस आणि गेम खेळतो, लोक हसतात. तुम्ही नाही हसले.

हे ब्रशनं काय लावू राहिले? स्पिरिट का. निघू राहिलं बघा हिरवं. — मंग थांबले का? खाली तांबंच नाही? रेघच खाऊन टाकली म्हणजे करंट जाणार कुठून, तेच ना? मंग वरून तार टाका ना. टाकता येते ना तार? उद्या नको. उद्या या म्हणू नका मला. परवा ते रस्त्यापर्यंत गेले. कोपरावर, सरकत सरकत, ओटा उतरून. वाळूचे ट्रक जातात तिथून. मंगलाबाईनं ओढून आणलं, शेजारीण आमची, म्हणाली, ‘सुंदरा, तुझा सुकलाल रस्त्यात पडला होता, घसरला वाटतं.’ मीबी म्हटलं घसरला. घसरून माणूस एवढ्या लांब जात नाही. विचारलं, कुठं चालले होते, तर तोंड भिंतीकडे. गेम बंद पडली तेव्हापासून एक शब्द नाही. घास नेला की दात आवळून घेतात. आता येताना बाहेरून कडी घालून आले. आवाज न करता घालत होते, तरी वाजलीच. त्यांनी ऐकली. नवऱ्याला कोंडून आले मी, भाऊ — कोणाला सांगू नका. तुम्हालाबी सांगणार नव्हते.

टाकली तार? एवढीशी, केसासारखी? आणि ही दुसरी. लावा, लावून बघा. — नाही लागली. परत लावा. लागली. लागली, हाच आवाज, हेच गाणं वाजायचं दिवसभर. द्या, मला द्या, मी दाबते. उडतोय. बटणानं उडतोय, बघा. देव भलं करो तुमचं —

काय म्हणता? त्या काळ्या चिपच्या खाली अजून आहे? तिथवर ब्रश जात नाही, आणि ते आतल्या आत खात राहणार. म्हणजे चालेल किती दिवस? महिना? — नका सांगू. मला नका सांगू, माझ्या तोंडावरून त्यांना लगेच कळतं सगळं. त्यांचा अंगठा तर रेलच्या आधी कुठं जोर धरू लागला होता — जाऊ द्या. बंद करा ती. बंद करा म्हणते ना, इथं कशाला चालवता, इथं कशाला झिजवता तिला. झाकण राहू द्या, स्क्रू द्या कागदात, मी लावेन घरी. आणि काही बोलू नका आता.