न हरवलेल्या मावशींचा बोर्ड

जबाब देणार: नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय २७ वर्षे. व्यवसाय: वीजकाम प्रशिक्षिका, महिलांचा दुपारचा तंत्रवर्ग. राहणार: तंत्रशाळेमागची वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, सोमवारी काय घडले ते आधी क्रमाने देते. तपशील त्याखाली आहे.

१. सोमवारी दुपारी माझ्या वर्गातल्या एक विद्यार्थिनी, वय ६१, नेहमीप्रमाणे वर्गाला आल्या.
२. त्यांचा फोन, घड्याळ, अंगठी आणि बांगड्या त्यांच्या घरी होत्या.
३. त्यांचा मुलगा त्या दिवशी लवकर घरी आला. त्याला या वस्तू दिसल्या, आई दिसली नाही.
४. त्याने आई हरवल्याची तक्रार दिली.
५. पोलिसांनी त्यांच्या पलंगाखालून तारा आणि बॅटरी लावलेला एक लाकडी बोर्ड व एक मीटर ताब्यात घेतला.
६. संध्याकाळी त्या स्वतः चालत घरी आल्या.
७. त्या हरवल्या नव्हत्या.

संबंधित महिला तुमच्या कोण लागतात, असे मला विचारण्यात आले. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. वर्गात बाकीच्या बायका त्यांना पुन्हामावशी म्हणतात, कारण कोणतेही रीडिंग एकदा घेऊन त्यांचे समाधान होत नाही. "मॅडम, पुन्हा एकदा घेऊ या का?" असे त्या विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता घेतात. मी ते नाव वापरत नाही. या जबाबात सोयीसाठी त्यांना मावशी म्हणते.

आमच्या वर्गात फळ्यापेक्षा टेबलाचा उपयोग जास्त होतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला एक सेल, एक छोटा बल्ब आणि एकच तार देते आणि बल्ब पेटवायला सांगते. कसा, ते सांगत नाही. दोन तारा हव्यात असे सगळ्यांना वाटते. एका तारेत जमते. बल्बचे बूड सेलच्या टोकावर टेकवायचे आणि सेलच्या दुसऱ्या टोकापासून तार आणून बल्बच्या कडेला लावायची. मावशींना हे सर्वांत शेवटी जमले. पेटल्यावर त्यांनी तो विझवला, पुन्हा पेटवला, पुन्हा विझवला. शेजारच्या टेबलावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो मावशी, सोडा आता त्याला. डोळे दुखतील बिचाऱ्याचे."

कोण का शिकायला आले हे मी विचारत नाही. मावशींनी आपणहून सांगितले. घरातला फ्यूज उडाला की मुलगा त्याच्या औषधांच्या दुकानातून येईपर्यंत त्या पंख्याशिवाय आणि पाण्याच्या पंपाशिवाय बसून राहतात. त्यांचे शब्द असे: "आधी हे म्हणायचे, हात लावू नकोस. आता मुलगा म्हणतो, आई, हात लावू नकोस. रोज बटण दाबते मी, पण त्याच्यामागे काय आहे ते मला कोणी बघू दिलं नाही. मला एकदा हात लावायचाय." त्यांनी वर्गाबद्दल घरी सांगितले नव्हते. सांगितले असते तर काय उत्तर आले असते, ते वर आलेच आहे.

दागिन्यांबाबत: माझ्या वर्गात मोकळ्या हातांनी काम करायचे असा नियम आहे. हातात धातूचे काहीही नको. आमचे प्रयोग दीड ते साडेचार व्होल्टचे असतात आणि एवढ्याने काही होत नाही, पण पुढे घरातल्या वायरिंगला हात लागणार असतो, म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लावते. मावशींच्या बांगड्या साबणाशिवाय निघत नाहीत. वर्गात साबण टिकत नाही. म्हणून त्या घरीच मोरीजवळ बांगड्या काढून वाटीत ठेवतात आणि परतल्यावर घालतात.

फोनबाबत: एकदा बॅटरी जोडत असताना मावशींच्या मांडीवरचा फोन वाजला, त्या दचकल्या आणि हातातला चिमटा घसरून बॅटरीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली गेली. तार तापली, बोटाला चटका बसला. फोन मुलाचा होता. तो विचारत होता, "आई, गॅस बंद केलास ना?" त्यानंतर फोन घरी ठेवून या असे मीच सांगितले. वाटीशेजारी फोन होता त्याचे कारण हे आहे. हा नियम आता बदलला आहे. फोन बंद करून वर्गातल्या डब्यात ठेवायचा आणि घरी एकाला तरी वर्गाचा नंबर द्यायचा.

सोमवारी उशीर का झाला, असे विचारण्यात आले. सोमवारचा प्रयोग करंट मोजण्याचा होता. मावशींनी बॅटरीचे व्होल्टेज मोजले, ४.४८ आले. करंट अडवणाऱ्या रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याची किंमत २२० ओहम वाचली. ४.४८ ला २२० ने भागले, करंटचे उत्तर २०.४ मिलीअँपिअर आले. मीटरवर मात्र १९.६ दिसत होते. वर्ग सुटला. बाकीच्या बायका निघाल्या. मावशी म्हणाल्या, "मॅडम, थोडं कमी येतंय. चाललं असतं, पण का कमी येतंय ते कळलं नाही तर मला आज झोप लागायची नाही." त्यांनी जोडणी सोडली, पुन्हा केली, पुन्हा १९.६. मी कारण सांगितले नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी रेझिस्टर बाहेर काढून नुसता त्यालाच मीटर लावला. २२८. पुन्हा भागाकार केला. उत्तर जुळले. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर होते, मीटर बरोबर होता, पट्टेच जरा कमी सांगत होते." मी होय म्हणाले. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला असतो, हे नंतर सांगितले.

त्या थांबल्या म्हणून मीही थांबले. ते माझ्या कामाच्या वेळेत येत नाही. वर्ग सुटल्यावर मावशींचा अर्धा डबा माझ्या टेबलावर राहतो. तो विसरून राहिलेला नसतो. याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

त्याच वेळी त्यांच्या घरी जे चालले होते ते मी पाहिलेले नाही. मला सांगण्यात आले ते असे. मावशी गल्लीत पोचल्या तेव्हा दारात गर्दी होती. त्या गर्दीत मागे उभ्या राहिल्या आणि शेजारणीला विचारले, "कोण हरवलंय?" शेजारीण पुढे पाहतच म्हणाली, "अहो, औषधवाल्याची आई." मावशी म्हणाल्या, "अरे देवा. कधीपासून?" मग शेजारणीने वळून पाहिले.

आज ठाण्यात मी, मावशी, त्यांचा मुलगा आणि हा जबाब लिहून घेणारे हवालदार असे चौघे हजर होतो. ताब्यात घेतलेला बोर्ड कपाटावर होता आणि त्याला कागद चिकटवलेला होता: संशयास्पद वस्तू, हात लावू नये. मावशींनी तो वाचला आणि म्हणाल्या, "इथेसुद्धा आहेच का ते."

मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर राग नाही माझा. पण मला एक शब्द कळवायचात." मी म्हणाले की प्रवेश अर्जावर पालकांची सही लागत नाही. त्यावर तो आईला म्हणाला, "वाटीत बांगड्या बघितल्या, त्यांना साबण, शेजारी फोन वाजतोय, आणि तू नाहीस. माझ्या पोटात गोळा आला."

"मग दुकानातलं काहीतरी घ्यायचंस," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुला सांगायला हवं होतं. पण तू नाही म्हणाला असतास आणि मला ऐकावं लागलं असतं."

बोर्ड धोकादायक नाही हे दाखवता येईल का, असे हवालदारांनी मला विचारले. मी म्हणाले की बोर्ड मावशींनी शुक्रवारच्या परीक्षेसाठी स्वतः जोडलेला आहे, त्याच दाखवतील. मावशींनी आधी साबण मागितला.

"साबण कशाला?" हवालदारांनी विचारले.

"मॅडमचा नियम आहे."

नळावर जाऊन त्यांनी बांगड्या काढल्या आणि ओल्याच मुलाच्या हातात दिल्या. "हे धर. आता तुझ्याकडेच आहेत. पुन्हा ठाण्यात जाऊ नकोस."

"आई, ठाण्यातच आहोत आपण."

बोर्डाचे वर्णन नोंदीसाठी देते. लाकडी फळी, दीड व्होल्टचे तीन सेल, एक स्विच, तीन छोटे बल्ब, जोडण्या बदलण्यासाठी चिमटे लावलेल्या तारा. सोबत एक साधा मल्टीमीटर. मावशींनी मीटर हातात घेतला आणि थांबल्या. त्याची लाल तार करंट मोजण्याच्या भोकात घातलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी ती व्होल्टच्या भोकात लावून बॅटरी मोजली. बॅटरी ठीक होती. तिन्ही बल्ब एकामागोमाग जोडून स्विच दाबला. तिन्ही मंद पेटले. मग लाल तार हलवून मीटर त्याच वाटेत मध्ये जोडला. बल्ब विझले आणि मीटरवर शून्य आले.

"पुन्हा एकदा," मावशी म्हणाल्या. पुन्हा शून्य.

त्यांनी मीटर काढून तारा थेट जोडल्या, बल्ब पेटले. मीटर मध्ये घातला, विझले. हे त्यांनी तीन वेळा केले. कारण मला मीटर पाहताच कळले होते. मी खिडकीकडे पाहत राहिले.

मावशी म्हणाल्या, "तार जोडली की पेटतो, मीटर घातला की विझतो. म्हणजे वाट मीटरच्या आत तुटली आहे. आतला फ्यूज गेलाय." मग लाल तारेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही तार मी अशी कधी ठेवत नाही. कोणीतरी इथून मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला."

हवालदार म्हणाले, "मी फक्त बघत होतो हो, करंट किती आहे ते."

"सगळे तेच करतात," मावशी म्हणाल्या. "मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. करंट वाटेत उभं राहून मोजायचा. बॅटरीला थेट मीटर लावला की सगळा करंट त्याच्यातूनच धावतो, मग फ्यूज बिचारा काय करणार."

या ठिकाणी हवालदारांनी लिहिणे थांबवले आणि हा भाग घ्यायचा का असे विचारले. मी म्हणाले की घडले ते लिहावे. त्यांनी लिहिले आहे. मीटर बिघडला असे माझे म्हणणे नाही. फ्यूज त्यासाठीच असतो. त्याचे काम त्याने केले.

माझ्या पर्समध्ये जादा फ्यूज असतात. मी एक मावशींना दिला. त्यांनी मीटर उलटा केला आणि मागचा स्क्रू फिरवू लागल्या. मुलगा पुढे झाला. "दे आई, मी करतो, तू हात..." एवढे बोलून तो थांबला. वाक्य पुरे केले नाही.

मावशी वर न पाहता म्हणाल्या, "तूच लावू नकोस. तारा अजून बॅटरीला आहेत. आधी त्या काढायच्या असतात." त्यांनी तारा काढल्या, मीटर बंद केला. मग म्हणाल्या, "हं. आता धर." मुलाने एका हातात बांगड्या आणि दुसऱ्या हातात मीटरचे झाकण धरले. मावशींनी फ्यूज बदलला. जोडणी केली, स्विच दाबला. तिन्ही बल्ब पेटले आणि मीटरवर आकडा आला. हवालदार खुर्चीतून उठून पाहायला आले.

"पुन्हा एकदा," असे या वेळी मुलगा म्हणाला.

त्यानंतर मुलाने विचारले की शुक्रवारची परीक्षा किती वाजता आहे. मी दुपारी दोन सांगितले.

"तुला कशाला?" मावशींनी विचारले.

"सोडायला येईन."

"मला रस्ता माहीत आहे."

"ते मला कळलंय. तरी येईन. पुन्हा हरवलीस तर?"

मावशींनी बांगड्या परत घेतल्या. त्या घालताना साबण लागला नाही.

हवालदारांनी सांगितले की हरवल्याची नोंद या जबाबावरून बंद करता येईल, पण ताब्यातली वस्तू परत देण्यासाठी अधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि अधिकारी बाहेर बंदोबस्तावर आहेत. बोर्ड पुन्हा कपाटावर ठेवण्यात आला. ठेवण्याआधी मावशींनी मीटर बंद आहे का ते दोनदा पाहिले. कागद तसाच आहे.

हा जबाब मला हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. फ्यूजचा भाग त्यांनी जरा हळू वाचला, पण वगळला नाही. सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे आणि तो खरा आहे.

विनंती: शुक्रवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकीने स्वतः जोडलेला बोर्ड आणणे आवश्यक आहे. त्याशिवाय बसता येत नाही. हा नियम माझा नाही आणि मला तो बदलता येत नाही. बोर्ड व मीटर परत मिळतील की नाही, हे गुरुवारी दुपारी बारापर्यंत कळवावे. उत्तर नाही असले तरी त्याच वेळेपर्यंत कळवावे, म्हणजे मावशींना दुसरा बोर्ड जोडायला एक दिवस मिळेल. त्या जोडतील. निरोप माझ्या नंबरवर द्यावा. मी वर्गात असल्यास मुलाच्या दुकानात दिला तरी चालेल, असे त्याने स्वतः सांगितले आहे.