गावाला पाटकरी हवा होता

स्वतः केलेल्या नियमात स्वतःच सापडलेला माणूस तुम्हाला बघायचा असेल, तर तो समोर बसून चहा पितोय.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी गारगोटीला कॉलेजात भूगोल शिकवायचो. जवळच्या एका गावात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून उन्हाळ्यात दोघांची डोकी फुटली. तेव्हा पंचायतीनं पाळ्या लावायला एक पाटकरी नेमायचं ठरवलं आणि अटी लिहून द्यायला मला बोलावलं. मी आठवडाभर खाडाखोड केली आणि शेवटी एकच अट उरली: पाटकऱ्याची किंवा त्याच्या नातलगाची जमीन या पाटाखाली नसावी.

सभेत ती वाचून दाखवली. सरपंच म्हणाले, "सर, असा माणूस गावात हाय कुठं? सगळीच एकमेकाची पावणं."

"शाळेचे मास्तर?"

"त्यांचा सासरा पाटाच्या तोंडालाच हाय की."

"पोस्टमन?"

"त्यो डोकं फुटलेल्याचा मेव्हणा."

मागून एक म्हातारी म्हणाली, "सरांचं कोण हाय हितं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून म्हणालो, "अहो, मला कुठलाच निर्णय लवकर घेता येत नाही. दोघं भांडत आले, की मला दोघांचंही पटतं."

सरपंच तंबाखू मळत ग्रामसेवकाकडं वळले. "झ्याक झालं. सरांचं ठरंस्तवर दोघंबी दमून घरला जात्यात. लिवा, एकमतानं मंजूर."