जिनिंगच्या खिडकीतली सवाष्ण

हॅलो?… कोण, शीतल? थांब हं जरा… अकिबभाई, डावीकडली दोरी ताना, पडदा लोंबून राह्यला… हां, बोल पोरी. जेवलीस का?

मारुतीच्या सभामंडपात हाय. तुझ्या आईचा सिनेमा दावायचाय ना आज. अकिबभाई तीर्थपुरीहून मशीन घेऊन आलेत, लग्नाची शूटिंग करतात ते. चारी बाजूंनी ताडपत्र्या लावल्यात. भर दुपारी अंधार झालाय बराबर.

का?… का नको?

तू बघितला? कवा?… मोबाईलवर. अन् तुझ्या सासूबाईंनी बी?… बरं. आधी रडणं थांबव, मंग सांग.

न्हाई, मी न्हाई बघितला अजून. तुझ्या भावानं मोबाईल पुढं केल्ता. मी म्हणलं, भुजंग, राहू दे. एवढ्याशा काचेत नको. सगळ्यांसंगं बघीन.

भूत हाय ती त्यात, मला म्हाईत न्हाई का? विलायतेतली जुनी गोष्ट हाय म्हणे. मालकीण मरती, पण घर सोडत न्हाई. नवे लोक राहायला येतात, त्यांना ती खिडकीत दिसती. तिथला बंगला ह्या सिनेमावाल्यांनी आपल्या कापसाच्या बंद जिनिंगमधी बसवला.

हो, हो… अगं ऐक ना. तू सासरी व्हतीस, तुला पुरतं म्हाईत न्हाई. आई तिथं भाकरी थापायला जायची, सिनेमावाल्यांच्या जेवणाला. भुताचं काम करणारी बाई मुंबईहून आल्ती. जिनिंगमधल्या धुळीनं तिला धाप लागली, गेली परत. मंग त्या डायरेक्टर बाईनं आईला चुलीम्होरं बघितलं अन् म्हणली, मावशी, तुम्ही उभ्या राहता का.

पांढरं लुगडं आणल्तं त्यांनी. कपाळ पुसा म्हणले. आईनं बिलकुल ऐकलं न्हाई. म्हणली, ‘माझा मालक तो काय उभा हाय. तो जित्ता असताना कुंकू पुसू? भूतच व्हायचं तर अहेव मरून व्हईन.’ सगळे हसले. मी बी हसलो. मंग हिरवं लुगडं आणलं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट. काय काय लागतं ते तिनंच सांगितलं. मेकअपवाल्या पोरीला काय ठाऊक.

हो.

हो, शीतल. तशीच. तिरडीवर व्हती तशीच… शेजारच्या पुष्पाबाईनं तिला मळवट भरला ना, तवाच माझ्या ध्यानात आलं. कोणाला बोललो न्हाई.

काय म्हणल्या सासूबाई?… मरण ओढवून घेतलं?… पोरी, कापूस वेचता वेचता छातीत कळ आली तिच्या. अंगावर जुनं फुलाफुलाचं लुगडं व्हतं. हिरवं न्हाई.

काय?… सिनेमा दावला तर बाळंतपणाला पाठवणार न्हाईत? हे त्या म्हणल्या का तू म्हणून राह्यली?… फोन दे त्यांच्याकडं… बरं, नको. नको देऊ.

शीतल, दहाव्याला तू व्हतीस ना घाटावर? पिंडाला कावळा शिवत नव्हता. तू माझ्याकडं बघून म्हणलीस, आई, दादांना संभाळीन. भुजंग म्हणला, तुझी म्हैस विकणार न्हाई. मी हात जोडून उभा. कावळा झाडावरच. मंग पुष्पाबाई म्हणल्या, गिरिजा, तुझा सिनेमा साऱ्या गावाला दावू. अन् उतरला. तू बघितलंस ना?… मंग? पिंडाम्होरं कबूल केलेलं फिरवू कसं?

लेकरांना बाहेर बसवलंय. मोठ्यांना भ्या वाटलं तर उठून जातील.

तुला?… तुला काय दिसतं, डोळे मिटले की?… हां… पापणी हलवत न्हाई. अन् तुझ्याकडंच बघती… कवा, वरच्या खिडकीत? नीट सांग. वरच्याच ना?

मंग ती तुझ्याकडं बघत न्हाई. माझ्याकडं बघून राह्यली.

अगं मी व्हतो ना खाली. क्यामेऱ्याला खेटून. अनवाणी उभं केल्तं तिला, चपला माझ्या हातात. तिला सारखं हसू यायचं. पापणी हलवू नका म्हणलं की हसायची. डायरेक्टर बाई वैतागली. मंग आईच वरून म्हणली, ‘ह्यांना म्होरं उभं करा. ह्यांचं तोंड बघितलं की माझं हसू पळतं.’ तसा उभा राह्यलो, सिनेमा होईस्तोवर… हसलीस? हसलीस ना तू?

तरी बी नको म्हणती.

बरं… न्हाई, रागावलो न्हाई. माझ्याकडं तिचं हलतं चित्र एक बी न्हाई, म्हणून आपलं. भिंतीवरच्या फोटोत ती हलत न्हाई… यात बी हलत न्हाई?… पदर तर हलला असंल. वारा लई व्हता त्या दिशी.

थांब… काय अकिबभाई? एक मिनिट थांबा… ते विचारून राह्यले, चालू करू का. बाया आल्यात सगळ्या. पुष्पाबाई म्होरंच बसल्यात.

शीतल, तू सांग. तू न्हाई म्हणलीस तर दोरी सोडतो अन् लोकांना घरी पाठवतो. आईला काय सांगायचं ते मी सांगीन. तू घरी यायला पाहिजे, पोरी. तिच्यामागं तू बी आली न्हाईस तर…

काय?… दावा म्हणतीस?

…बरं. अन् सासूबाईंना?… तू सांगशील? बराबर सांगशील ना?… बरं माय. अकिबभाई, करा चालू… तू ठेवू नको. राहा फोनवर.

जिनिंग आली. आपलाच रस्ता हाय, पण वळखू येत न्हाई… कोणी तरी गाडीतून उतरलं… आता वर बघून राह्यले ते…

आली. आली खिडकीत.

पुष्पाबाईनं तोंडाला पदर लावला. रखमाजी उठून चालला… जाऊ दे त्याला.

हो. तशीच हाय. तिरडीवरची. तू म्हणलीस ते खरं हाय.

हलत न्हाई… पदर बी हलत न्हाई…

न्हाई, थांब. खालचा ओठ बघ. दातात धरलाय तिनं. हसू दाबून राह्यली, शीतल… माझं तोंड म्होरं असून बी तिचं हसू पळालं न्हाई…

ठेवतो आता. ती बघून राह्यली अन् मी फोनवर बोलत बसलो. तिला न्हाई आवडायचं.