ट्रंपेटची शिकवणी

कानाच्या डॉक्टरांकडे पोस्टमन नंबर लावून बसला होता. शेजारी बेकरीवाला आणि शिंपीणकाकू. दोघांच्याही कानांत कापसाचे बोळे, त्यामुळे त्यांची कुजबुज पार रस्त्यापर्यंत ऐकू जात होती. पोस्टमनला कान द्यायचीही गरज पडली नाही.

“काकू, काल तुम्ही ट्रंपेट सुरात वाजवलंत म्हणे?”

“चुकून वाजलं रे! आख्खी गल्ली डाफरली माझ्यावर.”

“डाफरणारच! आपण सगळे शिकून मोकळे झालो, तर वहिनींची शिकवणी बंद. मग पोरींना घेऊन त्या भावाकडे निघाल्याच समजा. बँडवाले दादा गेल्यापासून कुणाची वाटीभर साखर घेतली नाही त्यांनी. घेतात ती फक्त शिकवणीची फी.”

“ते खरं. पण तुझे पाव का रे चपटे हल्ली?”

“वर न्हावी वाजवतो ना! पीठ फुगतं, त्याचा पहिला सूर ऐकतं आणि घाबरून खाली बसतं.”

“बरं, ऐक. वहिनींनी ओळखलं सगळं.”

“मेलो! कसं?”

“म्हणाल्या, ‘लग्नाआधी हेही माझ्याकडे शिकायला यायचे आणि अस्सेच मुद्दाम चुकायचे.’”

“म्हणजे आता निघाल्या भावाकडे?”

“छे रे! दादांचा बँड पुन्हा उभा करताहेत. रविवारच्या लग्नाची सुपारीसुद्धा घेतली. पुढे त्या, मागे आपण. आता खरं वाजवायचं!”

“काकू, मुद्दाम तुम्ही चुकत होतात. मला खरंच तेवढंच येतं!”

“तेही ओळखलंय त्यांनी. तू झेंडा धरायचास.”