टाळी नाय वाजली

मी मूळची पैठणच्या अलीकडची. आमच्या गावातून धरणाची भिंत दिसती, पण उन्हाळा लागला की बाया हंडे घेऊन वणवण. धरण उशाला आन् कोरड घशाला म्हणतेत ना, ते आमच्यासाठीच केलंय जणू. लगीन झालं तशी शहरात आले, तवा ह्याला औरंगाबाद म्हणायचे, आन् वाळूजकडं नुसत्या कंपन्या उठत होत्या. आमचे हे रिक्षा चालवायचे, मी बिस्किटाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. काय सांगू तुम्हाला ताई, पट्टा सुरू झाला न् बिस्किटं अशी धावत यायला लागली की मी घाबरून पदरातच धरली, बाया लई हसल्या. पण त्याच पट्ट्यावर पुढं मी लाइन लीडर झाले बरं का, शाळा अर्ध्यातच सोडलेली बाई, सगळ्याजणी सुमनताई म्हणायच्या.

मंग ते दुष्काळाचं साल आलं, आन् त्याच साली नवा मॅनेजर आला. बोलणं गुळाचं. त्यानं नवंच खूळ काढलं, सकाळी ओळीत उभं रहायचं, तो वरडणार आपण कोण, आम्ही म्हणायचं एक परिवार, न् टाळी वाजवायची. वाजवली आम्ही. आन् परिवारातल्या माणसाला हाक कशी, तर ए लाल साडी, ए चष्मा. आईच्या वयाच्या बायांना अगं-तुगं. मला असा राग यायचा, पण पोटासाठी गिळायचे.

मंग त्यानं पिण्याच्या पाण्याच्या खोलीलाच कुलूप घातलं. म्हणे बाया पाण्याच्या नावाखाली गप्पा हाणतेत, आन् टँकर काय फुकट येतो व्हय. किल्ली त्याच्या खिशात. एक दिवस माझ्याच लाइनीतल्या शबानाला चक्कर आली, पट्ट्यापाशीच बसली खाली. मी पळत केबिनला गेले, तर शिपाई म्हणे, साहेब मीटिंगमधी हायेत, थांबा. थांबले मी ताई, दारात हात जोडून थांबले. शेवटी टेम्पोच्या ड्रायव्हरनं त्याची बाटली दिली, त्यातलं पाजलं तिला. तीच मला म्हणती, आपा, रोओ नक्को, अच्छी हूँ मैं. माझं डोकंच फिरलं.

डब्याच्या सुट्टीत बायांना म्हणलं, उद्या मुंबईचे मालक येणारेत, टाळी वाजवायची नाय. भांडण नाय, घोषणा नाय, फकस्त टाळी नाय. शबाना म्हणली, आपा, नोकरी जाएगी. म्हणलं, गेली तर माझी जाईल, नाव माझं सांगा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मालकापुढं वरडला, आपण कोण? सगळ्या गप. परत वरडला. एक हात हालला नाय. मालकानं इच्यारलं, काय झालं? मी पुढं झाले. म्हणलं, साहेब, आमच्यात वैरी जरी दारात आला तरी आधी गूळपाणी देतेत, मंग भांडतेत. परिवारात पाण्याला कुलूप असतंय का कुठं? मॅनेजरचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. अहो, काय वाटलं असंल मला त्या वक्ताला!

कुलूप त्याच दिवशी निघालं. मला काढलं नाय, पण लाइन लीडरपण गेलं, गोडाऊनला टाकलं खोके रचायला. तो बढती घेऊन पुण्याला गेला, त्याचं काय वाकडं झालं नाय. माझी जागा मला परत मिळाली नाय. आमचे हे म्हणायचे, काय मिळालं तुला? म्हणलं, त्या दिवशी ताठ मानेनं घरी आले, ते काय कमी हाय व्हय?

आता गुडघे दुखतेत, लवकरच कामातून सुटणारे मी. नव्या पोरी येतेत, पाणी पितेत, खिदळतेत न् जातेत. तिथं कुलूप होतं हे एकीला माहीत नाय. मी बी सांगत नाय. प्या म्हणावं बायांनो, पोटभर प्या.