सोनाराच्या काट्यावर ट्रान्झिस्टर

आमचा दादा किती चिकित्सक, ते तुम्हाला माहीतच हाय. शिवथरला लाईट सारखी जाते, म्हणून त्यानं बॅटरीवरचा इन्व्हर्टर घरीच करायला घेतला. महाडमधून दोन पॉवर ट्रान्झिस्टर घेतले, पण मनात शंका. नकली माल वजनाला हलका असतो म्हणे. मग जुन्या अँप्लिफायरमधला अस्सल ट्रान्झिस्टर सोबत घेऊन हा गेला थेट सोनाराकडे.

सोनार म्हणाला, "अहो, हे कुठले दागिने?"

"तुमचा काटा खरा हाय ना? मग घाला त्याच्यावर."

तिन्ही वजनं जुळली. सोनारानं सवयीनं गुलाबी कागदात पुडी बांधून दिली. नेमकी ती गावातल्या कुणीतरी बघितली, आणि दादाच्या आधी बातमी घरी पोचली. वयनीला पाटल्या करायचं वचन लग्नापासूनचं. त्या दिवशी दादाला कोंबडी-वडे!

जेवणं झाली. वयनीनं पुडी सोडली, बघितली, परत बांधून ठेवली.

चार दिवसांनी लाईट गेली आणि दादाचा इन्व्हर्टर चालला. "बघ गो, कसा उजेड हाय!"

वयनीनं दोन्ही हात बल्बखाली धरले. "हाय खरा. काचेच्या बांगड्या कशा लखलखतायत बघा."