आईच्या मशीनचा सेल

तुम्ही सेल संपला की सरळ फेकता ना? आमच्या बाबांसमोर फेकून दाखवा! कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस. मीटर लावून बघितल्याशिवाय घरातला एकही सेल संपला असं मानत नाही. टॉर्चमध्ये थकलेला सेल रिमोटमध्ये जातो, तिथून भिंतीवरच्या घड्याळात.

परवा हुडकेश्वरला त्यांच्याकडे गेले, तेव्हा चार्जिंगचे नवे सेल नेले. बाबांनी लगेच मीटर लावलं.

“फसवलं वं तुले दुकानदारानं! साधा नवा सेल दीड व्होल्ट दाखवते. हा एक पॉइंट दोनच!”

“बाबा, चार्जिंगचे सेल तेवढेच राहते.”

“म्हणजे जन्मापासूनच थकलेले?”

मी हसत होते, तेवढ्यात त्यांनी खिशातून शर्टाच्या गुंडीएवढा सेल काढला. वरचा कागद सोलला, थोडं थांबून मीटर लावलं. एक पॉइंट चार. त्यांनी समाधानानं मान हलवली.

“हा कशाचा?”

“तुझ्या आईच्या कानाच्या मशीनचा.”

आईला जाऊन वर्ष होत आलं. मशीन तिच्या फोटोसमोर उघड्या डबीत होती, आणि चालू होती.

“बाबा, कागद काढला की हा सेल आपोआप संपते. काहून बदलून राहिले तुम्ही?”

त्यांनी सेल मशीनमध्ये नीट बसवला.

“दिवसभर मी एकटाच बोलत राहतो वं घरात. मशीन बंद पडली, अन् तिले ऐकू नाही आलं तं?”